किल्लेदाराचं कडं

सोमवार, ४ मार्च

ठोंब्या,

तुरुंगाच्या त्या बाकड्यावर ताटकळत बसवलंस ना मला? आणि शेवटी पहारेकरी येऊन काय सांगतो, तर "ताई, तुमचा भाऊ भेटायला नाही म्हणतो." नाही म्हणतो! मी काय तुझ्याकडे वर्गणी मागायला आले होते? आणलेले कपडे आणि साबण त्याच्याच हाती दिले. ते तरी वापर, का त्यांच्यावरही रुसलायस?

म्हणून हे पत्र. माझं मधलं बोट अजून वाकत नाही, त्यामुळे अक्षर कोंबडीचे पाय आहे. गॅरेजमध्ये बॉनेट पडलं होतं ना त्यावर, तेच. सांभाळून वाच.

दाजींचं विचारणार नाहीस, तरी सांगते. जबडा दोन ठिकाणी मोडलाय. तारांनी आवळून बांधलाय, म्हणून तोंड उघडत नाही. नळीने पातळ काहीतरी पाजायचं, ते अर्धं गळ्यावर सांडतं. खालचे तीन दात गेले. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात. इथे दात तेवढे गेले आणि ओठाला पाच टाके पडले. काही हवं असलं की पाटीवर लिहून दाखवतात. घर इतकं शांत झालंय म्हणून सांगू! आठ वर्षांत पहिल्यांदाच मला फ्रिजचा आवाज ऐकू आला. बरं, ते जाऊ दे.

मला एक सांग, तुझ्या डोक्यात काय भरलं होतं? मी तुला जेवायला बोलावलं. कामावरून आले तेव्हा माझे हात कोपरापर्यंत ग्रीसने बरबटलेले. तुम्ही दोघं समोरासमोर बसलेले, ताटं वाढलेली. दाजी म्हणाले, "आधी हात धुऊन ये." मी बेसिनकडे वळले, नळ सोडला. मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि मग तो दुसरा आवाज, ओली फांदी मोडावी तसा. वळून बघते तर दाजी खुर्चीसकट आडवे. तू लोखंडी स्टूल दुसऱ्यांदा हाणलंस ते त्यांच्या तोंडावर. तिसऱ्यांदा उचललंस तेव्हा मी मध्ये पडले, म्हणून तो माणूस जिवंत आहे. माझा खांदा अजून काळानिळा आहे, बघायचा असेल तर भेटीच्या खोलीत ये. भिंतीवर, पडद्यावर, सगळीकडे जेवण आणि रक्त. त्यांचं घड्याळही कुठेतरी निसटून रश्श्यात पडलं होतं. ते पुसून मीच दवाखान्यात त्यांच्या मनगटाला घातलं.

जेवायच्या आधी हात धू म्हणणं हा काय गुन्हा आहे रे? आपली आई जन्मभर दुसरं काय म्हणत होती? रविवारी खेळाच्या टेबलावर मी तुम्हाला प्रत्येक घावाआधी विचारते ना, "नक्की?" त्या दिवशी विचारायलाही सवड दिली नाहीस.

पोलिसांना म्हणे तू दोनच शब्द सांगितलेस. "राग आला." खेळात मुका होतास ते ठीक होतं. इथेही तोंड शिवून बसलास तर तुझं काय होणार आहे ते कळतंय का? खुनाचा प्रयत्न म्हणतात याला. ऐन उमेदीची वर्षं जातील आत.

उत्तर पाठव. गॅरेजच्या पत्त्यावर. घरी नको.

ताई


मंगळवार, १२ मार्च

ठोंब्या,

तुझ्या वकीलबाई आल्या होत्या. वयाने माझ्याएवढ्याच, चप्पल झिजलेली, पण डोकं तल्लख. तू त्यांच्याशीही बोलत नाहीस म्हणून माझ्याकडे आल्या. टेलरकाकूंच्या दुकानात दर रविवारी दुपारी तुम्ही काय करता, असं विचारायला. तुझ्या खिशात फासे सापडलेत ना, म्हणून पहिलाच प्रश्न, "जुगार का?"

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, नाही हो बाई. मी सूत्रधार. मी एक जग सांगते, त्यात हे तिघं आपापलं पात्र घेऊन शिरतात. "मी दार फोडते" असं काकूंनी म्हटलं की फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर दार फुटतं, छोटा पडला तर काकूंचा खांदा.

"मग जिंकतं कोण?"

"कोणीच नाही."

"मग खेळता कशाला?"

आता याला काय सांगणार? म्हटलं, बाई, दिवसभर काकू लोकांच्या कमरेची मापं घेतात, "हो ताई, सैल करते ताई" म्हणतात. रविवारी त्या दरोडेखोर होतात आणि माणसांची मुंडकी उडवतात. कंपाउंडर आठवडाभर डॉक्टरांची बोलणी खातो. रविवारी तो राजवैद्य असतो आणि राजांना ऐकवतो. माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसाकाठी दहा शब्द बोलत नाही. त्याने पात्र घेतलं तेही मुक्या पहारेकऱ्याचं. "मी इथे आहे" म्हणायचं असलं की टेबलावर दोनदा ठोठावतो, बस्स. त्या हसल्या. मग म्हणाल्या, गोष्ट सांगा.

मी सांगितली. कापड बेतायच्या टेबलावर खडूने आखलेला किल्ला, आत किल्लेदार. मोठा रुबाबदार माणूस, कधी आवाज चढवत नाही. शिक्षा करायची असली की आधी हातातलं कडं काढतो, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतो आणि म्हणतो, "आधी हात धुऊन ये." शिक्षा बहुतेक वेळा मुदपाकखान्यातल्या बाईला. ती हात धुऊन येते आणि तो तिच्या ओल्या तळव्यांवर पट्टा हाणतो, कातडी सोलेपर्यंत. कोरड्या हातापेक्षा ओल्या हातावर पट्टा जास्त बसतो.

वकीलबाईंचं लिहिणं थांबलं. म्हणाल्या, "हे असलं तुम्हाला सुचतं कुठून?"

म्हटलं, सुचतं.

मग त्यांनी मार्ग सांगितला. आपण न्यायालयात म्हणायचं की हा भयंकर खेळ महिनोन् महिने खेळून मुलाचं भान सुटलं. दाजींच्या तोंडून तेच वाक्य ऐकलं आणि त्याला समोर किल्लेदार दिसला. शिक्षा बरीच खाली येईल. मला फक्त साक्षीला उभं राहून एवढं म्हणायचंय की दोष खेळाचा. वड्याचं तेल वांग्यावर, पण तू सुटणार असशील तर माझं काय जातं? मी हो म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तुझंही तेच मत असेल ना? लिही काहीतरी, दगडा.

ताई


गुरुवार, २१ मार्च

ठोंब्या,

रविवारी आम्ही बसलो. नको म्हणत होते मी, पण काकू ऐकतात का? "पोरगं परत येईपर्यंत त्याचा पहारेकरी दाराशी उभा राहील," म्हणाल्या आणि तुझ्या जागी शिवणयंत्राची बॉबिन ठेवली. त्यांना तुझ्या नावाने किल्लेदाराचा मुडदा पाडायचा होता.

किल्ल्यात शिरेपर्यंत सगळं झकास चाललं होतं. काकूंनी तीन पहारेकरी कापले. एकाचं आतडं त्याच्याच भाल्याला गुंडाळलं, ही त्यांची खास कारागिरी. मग किल्लेदाराच्या दालनाशी आल्यावर कंपाउंडरने घसा खाकरला. "थांबा, आधी बोलून बघू. एवढा शिकलेला माणूस आहे, त्याचीही काही बाजू असेलच की."

दर वेळी हेच! अख्खा हिवाळा हा माणूस किल्लेदाराशी तह करतोय. त्याला बाजू हवी असते म्हणून मीही एकेक देत गेले. लहानपणी बापाने मारलं. कामाचा ताण आहे. दुसऱ्या दिवशी फुलं आणतो. कंपाउंडर मान डोलवायचा, "बघा, वाईट नाही हो मनाने." आणि त्यावर काकू काय म्हणाल्या माहीत आहे? कात्री आपटत म्हणाल्या, "मला त्या बाईचंच नवल वाटतं. मुदपाकखान्याचं दार तर सताड उघडं आहे. पळून का जात नाही मेली?"

मी टेबल उलटवलं.

खरंच उलटवलं. फासे, खडू, कात्री, बॉबिन, सगळं फरशीवर. म्हटलं, "दार उघडं असलं म्हणजे पळता येतं, हे तुम्हाला कोणत्या शहाण्याने सांगितलं?" आणि रडले. काकूंसमोर, गिऱ्हाइकांच्या लटकवलेल्या कपड्यांखाली बसून रडले. कंपाउंडरने माझं बोट बघितलं. बांधलं त्यानेच होतं. तो म्हणाला, "बॉनेटने बोट असं मागे वळत नाही, ताई. मला तेव्हाच विचारायला हवं होतं."

तर आता तुझ्यापासूनही लपवण्यात अर्थ नाही. तुला कळलंच होतं. कधी कळलं ते मात्र मला माहीत नाही.

गंमत बघ. जगातल्या सगळ्या गोष्टींत माणसं म्हणतात, "तो म्हणाला, ती म्हणाली." आमच्या टेबलावरच तेवढं मोठी माणसं दुसऱ्याच्या वतीने "मी" म्हणतात. काकू "मी कापते" म्हणतात तेव्हा त्यांचे डोळे बघ. तो "मी" उसना असतो, म्हणून त्यात काहीही भरता येतं. माझ्या स्वतःच्या "मी"ने मला आठ वर्षांत आईपाशीही काही बोलता आलं नाही. किल्लेदाराचा "मी" घेतला आणि सगळं घडाघडा बोलून गेले. त्याच्याच शब्दांत, त्याच्याच आवाजात. तुमच्यासमोर दर रविवारी मी माझ्याच हातांवर पट्टा मारत होते आणि तुम्ही तहाच्या अटी लिहीत होतात. लोक म्हणतात, हा पळवाटीचा खेळ. मी तर त्यातून घरीच जात होते.

किल्ल्यात मनगटी घड्याळ कुठलं असणार, म्हणून मी कडं केलं. बाकी एक अक्षर बदललं नाही.

पण ठोंब्या, म्हणूनच तुझा राग येतो. त्या संध्याकाळी तसं काही नव्हतं रे! ताटं वाढलेली, पाहुणा समोर. पाहुण्यादेखत त्यांनी कधी बोट लावलेलं नाही. माझे हात खरोखरच काळे होते आणि ते खरोखरच जेवायला हात धू म्हणाले. आठ वर्षांतून एकदा साधं वाक्य साध्या अर्थाने बोलले आणि नेमकं तेव्हाच तू त्यांचा जबडा फोडलास. मी कुणाच्या तोंडाने तुझी बाजू घेऊ?

वकीलबाईंना होच सांगितलंय. दोष खेळाचा.

ताई


मंगळवार, २ एप्रिल

ठोंब्या,

हे पत्र मी टेलरकाकूंच्या पोटमाळ्यावरून लिहितेय. डाव्या कानाने ऐकू येत नाही. पडद्याला भोक आहे. कंपाउंडर म्हणतो, भरून येईल.

काल गॅरेजवर तुझं कार्ड आलं. चार आठवड्यांनी एक कार्ड, आणि त्यावर एकच शब्द. "कडं." मालकाने विचारलं, "बाई, भावाला बांगड्या हव्यात का?" मी दिवसभर गाडीखाली पडून विचार करत होते. कडं म्हणजे काय? कडं काय? तुरुंगात पत्रं वाचतात, म्हणून उघड काही न लिहिता तू आपल्या टेबलावरचाच शब्द पाठवलास, एवढं कळलं. पुढे डोकं चालेना.

कालच दाजींच्या तारा काढल्या. मी घरी आले. हात काळे, नेहमीसारखेच. ते जेवणाच्या टेबलाशी बसले होते. डाव्या मनगटावर हात गेला, घड्याळाचा स्टीलचा खटका टक् वाजला, घड्याळ मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं. इतक्या दिवसांनी तोंड उघडल्यावर पहिलं वाक्य तेच. वाकड्या जबड्यातून, लाळ सांडत. "आधी हात धुऊन ये."

आणि मला दिसलं. तुझ्या त्या संध्याकाळी रश्श्यातून मी उचललं ते घड्याळ. त्याचा पट्टा तुटला नव्हता रे. खटका नीट उघडलेला होता. मी स्वतःच पुसलं, स्वतःच घातलं आणि डोक्यात प्रकाश पडला नाही. जेवताना तो घड्याळ काढत नाही. कधीच नाही. म्हणजे त्या दिवशी पाहुण्यादेखतही पट्टा चालणार होता. मी नळाकडे तोंड करून उभी होते, मला कुठलं दिसणार? तू समोर होतास. तू कडं काढताना पाहिलंस.

"ते" म्हणायचं सोडून दिलंय, लक्षात आलं का? आता नाही जमत.

मी हात धुतले नाहीत. घड्याळ उचललं आणि खिशात टाकलं. त्याला क्षणभर समजलंच नाही. मग उठला आणि उघड्या पंजाने कानशिलात मारली, अशी की मी दाराच्या चौकटीवर जाऊन आदळले. केस धरून डोकं पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा तोंडात रक्ताची चव आली. माझ्या दुसऱ्या खिशात मोठा पाना होता. हात त्याच्यावर गेला. खरं सांगते, त्याच्या कवटीवरची जागासुद्धा ठरवली. कानाच्या जरा वर. आणि माझ्याच आवाजात माझ्या कानात आलं, "नक्की?"

नक्की नाही, म्हटलं. एक भाऊ आत आहे तो पुरे. पाना काढला तो त्याच्या पायाच्या बोटांवर घातला. तो ओरडून खाली बसला आणि दार उघडंच होतं. काकूंना सांगितलं, मुदपाकखान्यातली बाई पळाली. काकूंनी एक शब्द विचारला नाही. फक्त दाराला आतून कडी घातली आणि मोठी कात्री उशाशी घेऊन खालच्या पायरीवर बसल्या.

आणि तू! हाताच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि मी तुलाच पानंच्या पानं शिव्या लिहीत होते. तरी तोंड उघडून सांगितलं असतंस तर जीभ झिजली असती का?

ताई


गुरुवार, ११ एप्रिल

ठोंब्या,

तू तिथेच होतास, सगळं पाहिलंस. तरी लिहिते, कारण तू मान खाली घालून बसला होतास आणि निम्मं तुला दिसलं नसेल.

सकाळी वकीलबाईंना म्हटलं, मी ते खेळाचं म्हणणार नाही. त्या घाबरल्या. "मग तुम्हाला सगळं सांगावं लागेल. सगळ्यांसमोर." म्हटलं, सूत्रधार आहे मी, सांगण्याची मला सवय आहे.

गॅरेजमधून थेट आले होते, अंगावर कामाचेच कपडे. कठड्यात उभी राहून म्हटलं, खेळाने माझ्या भावाचं डोकं फिरवलं नाही. खेळाने त्याला माझं घर दाखवलं. मग पहिल्यापासून सांगितलं. पट्टा, बोट, ओले हात, कान. सरकारी वकिलाने हसून विचारलं, "म्हणजे जेवणाआधी हात धुऊन ये, यासाठी माणसाचा जबडा फोडायचा? हे वाक्य तर घरोघर म्हणतात, बाई."

"हो," म्हटलं, "म्हणूनच तर आठ वर्षं कुणाला ऐकू आलं नाही."

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तो नेमका कसा म्हणायचा?"

टेबलावर करते तसंच केलं. खांदे ताठ, आवाज खाली. माझ्या हातात ना कडं ना घड्याळ. बोटांनी नुसता खटका उघडला, नसलेलं घड्याळ अलगद कठड्यावर ठेवलं आणि म्हटलं, "आधी हात धुऊन ये."

समोरच्या बाकावर त्याचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला. घड्याळ तिथे नव्हतंच, ते माझ्या खिशात होतं. तरी बोटं खटका शोधत होती. त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. तोपर्यंत न्यायाधीशबाईंनी पाहिलं होतं, सरकारी वकिलानेही पाहिलं होतं. चोराच्या मनात चांदणं. मी घड्याळ काढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि खाली उतरले.

शिक्षा होईल, ठोंब्या. दोन वेळा हाणलंस, ते कुणी पुसणार नाही. पण वकीलबाई म्हणतात, खुनाच्या प्रयत्नाचं कलम आता टिकायचं नाही. त्याच्यावर वेगळा खटला होईल. त्यातही मला पुन्हा हेच सगळं सांगावं लागेल. सांगीन.

शेवटचं तेवढं तू ऐकलंस, ते मला माहीत आहे. जबाबावर सही करायला मी टेबलाशी गेले. तो म्हातारा कारकून नुकताच बाहेरून आला होता, बिचाऱ्याला काही ठाऊक नाही. माझे ग्रीसचे हात पाहून मायेने म्हणाला, "बाई, कागद खराब होईल. आधी हात धुऊन या."

अख्खं दालन त्याच्याकडे वळलं. काकू उभ्याच राहिल्या. कारकून घाबरून सगळ्यांकडे बघायला लागला, आपलं काय चुकलं म्हणून.

"नाही धुणार, काका," मी म्हटलं आणि सही केली. चांगला अंगठ्याएवढा काळा डाग पडलाय नावाशेजारी.

आणि मागून, तुझ्या कठड्याच्या लाकडावर, दोनदा ठोठावल्याचा आवाज आला. मला आता एकाच कानाने ऐकू येतं, पण तो आला.

शनिवारी भेटीची वेळ आहे. येतेय.

ताई